चूलबंद दवंडी

सन दोन हजार बावीस. मला साठावं लागलेलं. होळी होऊन गेलेली, ऑफिसातला पंखा बंद पडलेला, आणि माझा सख्खा पुतण्या जगन माझ्यासमोर टेबलावर बसून पाय हलवत मला सांगत होता, "काका, या वेळची दवंडी जरा हळू दे."

"हळू म्हणजे कशी?"

"देवळापाशी एकदा थाळी वाजव, बोर्डावर कागद चिकटव, घरी जा. वाडीत जायची काय गरज नाय. ऊन लागेल तुला."

"आधी टेबलावरून उतर," मी बोललो. "आणि हळू देतात ती दवंडी नसते रे. ती चहाडी."

हसला. जगन तेव्हा आमचा उपसरपंच होता आणि मी त्याच ग्रामपंचायतीचा शिपाई. म्हणजे घरी मी काका आणि ऑफिसात तो साहेब. त्याला दोन्ही एकाच वेळी पाहिजे असायचं.

संपादक साहेबांनी सांगितलं, शिपाईगिरीच्या आठवणी लिहा, गमतीदार लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. चूक असेल तिथे दुरुस्त करा, पण वाक्य काढू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो. गावाचं नाव मी लिहीत नाही. टिटवाळ्यापासून रिक्षाने जाता येतं, काळू नदी जवळ आहे, आणि जिथे आमची भातं व्हायची तिथे आता बिल्डिंगी होतात, एवढं बास. ओळखणारे ओळखतील. न ओळखणाऱ्यांना ओळखून काय करायचंय?

शहरातल्या माणसाला वाटतं, शिपाई म्हणजे स्टुलावर बसून डुलक्या घेणारा. छोट्या ग्रामपंचायतीत तसं नसतं. सकाळी ऑफिस उघडायचं मी, झाडायचं मी, पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व सोडायचा मी, घरपट्टीची बिलं वाटायची मी, कुणाचं कुत्रं मेलं तर उचलायचं मी. आणि ग्रामसभा असली की थाळी वाजवत गावभर फिरायचं तेही मीच. थाळी माझ्या आईची, पितळेची, कडेला चेपलेली. सरकारी नव्हे. ती वाजली की म्हाताऱ्या माणसांना कळायचं, सरकारला गावाशी काहीतरी बोलायचंय.

लोक विचारायचे, मोबाईल आल्यावर दवंडी कशाला? गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे ना? आहे. त्याचा मालक जगन. त्यात पुरुष सगळे. बायका किती? शाळेतल्या बाई आणि एक आशाताई. पलीकडच्या कातकरी वाडीतलं एकही माणूस नाही. थाळीला असं करता येत नाही. थाळी वाजली की ज्याला कान आहे त्याला ऐकू येणार.

आता जगनला दवंडी हळू का पाहिजे होती ते समजायला आधी खुर्चीची गोष्ट सांगावी लागेल. थोडा धीर धरा.

आमच्या ऑफिसात सरपंचाची सागवानी खुर्ची आहे. गावच्याच झाडाची, गावच्याच सुताराने केलेली. तिच्या पाठीवर पांढरा टॉवेल. टॉवेल मी धुवायचो. सरपंच म्हणजे गावापुरता मुख्यमंत्री समजा. या मुख्यमंत्र्याला बसवायचं कसं आणि उठवायचं कसं, त्याचे नियम मुंबईत बसून लोकांनी इतक्या वेळा बदलले की माझी सगळी नोकरी ते बदल बघण्यात गेली. कागदावर ओळ बदलायची मुंबईत, आणि टॉवेल बदलायचा मला.

मी लागलो तेव्हा पद्धत अशी होती की गाव मेंबर निवडायचा आणि मेंबर आपल्यातला एक सरपंच करायचे. सगळ्यांसमोर हात वर करून. आता विचार करा, नऊ मेंबर. म्हणजे पाच हात ज्याच्याकडे तो राजा. त्यामुळे निवडणुकीच्या आधी चार दिवस मेंबर गावात सापडायचेच नाहीत. कुणाला अष्टविनायक घडायचे, कुणाला महाबळेश्वरची हवा लागायची. एक मेंबर होता, त्याला दोन्ही पार्ट्या न्यायला आल्या. तो पेंढ्याच्या उडवीत जाऊन लपला. मी नोटीस घेऊन त्याच्या घरी गेलो तर बायको बोलली, "घरात नाय." आणि उडवीतून शिंक आली. मी उडवीला बोललो, "मेंबर, सही करा." आतून फक्त हात आला. त्याच हाताला सगळे शोधत होते.

बसवायला जेवढं सोपं, उठवायलाही तेवढंच. दोन-चार हात इकडचे तिकडे झाले की अविश्वास ठराव. सरपंच दुपारी जेवायला जायचा तो परत यायचाच नाही. एका पाच वर्षांत आम्ही तीन सरपंच बघितले. टॉवेल वाळायच्या आधी माणूस बदललेला. गावाला कोणी विचारायचं नाही. गाव विचारायचा मला, "सध्या कोण आहे रे?"

मग बायकांसाठी खुर्ची राखीव करायचा कायदा आला. चांगला कायदा. आमच्याकडे पहिली बाई सरपंच झाली ती एका ठेकेदाराची बायको. गुलाल बाईला, हार बाईला, आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीत कोण? नवरा. बाई दाराजवळच्या बाकावर, पदर डोक्यावर, समोर सही करायचे कागद.

मला ते सहन झालं नाही. तिसऱ्या दिवशी मी झाडू मारल्यावर खुर्ची उचलून टेबलावर उलटी घातली, हॉटेलवाले रात्री घालतात तशी. नवरा आला.

"खुर्ची सरळ कर."

"सरपंच आल्या की करतो."

"मी कोण आहे माहिती आहे ना?"

"माहिती आहे ना. सरपंचांचे मिस्टर. बसा, बाक मोकळा आहे."

तो लालभडक झाला. बाहेर चहावाल्यापर्यंत हसू ऐकू आलं. आठवडाभर मी खुर्ची उलटीच ठेवली. मग एकदा बाई लवकर आल्या, एकट्या. मला बोलल्या, "भाऊ, सरळ करा खुर्ची. तुम्ही इथे जिंकता, आणि मला घरी जावं लागतं." केली सरळ. पाच वर्षं तो माणूस त्या खुर्चीत बसला. नियमाने बाईला खुर्ची दिली होती, बसायची हिंमत काही टपालाने पाठवली नव्हती. त्या बाई आता नाहीत. त्यांचा आवाज मला आजही कधी कधी व्हॉल्व फिरवताना आठवतो.

त्यानंतर आला तो मोठा बदल. मेंबरांच्या हातांची भानगडच नको, सरपंच थेट गावाने निवडायचा, मशीनवर बटण दाबून. वर नव्या पोरांना सातवी पासची अट. म्हणजे मी चौथीवाला, माझा जन्म आधीचा म्हणून वाचलो, नाहीतर सरपंच व्हायला नालायक ठरलो असतो. असो, मला व्हायचंही नव्हतं. आणि उठवायचा नियमही बदलला. मेंबरांनी अविश्वास केला तरी नुसतं त्याने भागायचं नाही. तो ठराव ग्रामसभेपुढे जायचा, आणि गावाने गुप्त चिठ्ठी टाकून होय म्हटलं तरच सरपंच उठायचा. ज्याने बसवला त्यानेच उठवायचा. मला तो नियम एवढा आवडला की मी त्या दिवशी टॉवेल निळीत घातला.

त्या वेळी आमची खुर्ची आदिवासी बाईसाठी राखीव निघाली, आणि निवडून आली वाडीतली सुमन. आठवी शिकलेली. वीटभट्टीवर काम केलेली. पहिल्या दिवशी खुर्चीच्या कडेवर बसली, कोंबडी बसते तशी, कधीही उठायला तयार. टॉवेल बघून बोलली, "काका, हा काढा. घाम आला तर मी पदराला पुसते."

वाडीत नळ होते, पाणी नव्हतं. टाकीतून पाणी सोडलं की ते आधी गावात जायचं, वाडीपर्यंत दाब उरायचाच नाही. सुमनने मला सांगितलं, "काका, उद्यापासून पहिला व्हॉल्व वाडीचा." मी फिरवला. गावातल्या बायका माझ्यावर ओरडल्या, त्यात माझी बायको पहिली. पण वाडीत पाणी चढलं. तेवढ्यात रस्त्याला लागून मोठं कॉम्प्लेक्स उभं राहिलं आणि त्यांनाही आमच्याच टाकीचं पाणी पाहिजे झालं. जगन त्या कॉम्प्लेक्सला रेती-खडी पुरवायचा. सुमन बोलली, "आधी गाव आणि वाडी. उरलं तर बिल्डिंग." उरत तर काहीच नव्हतं.

झालं. नऊ मेंबरांतल्या सातांनी तिच्यावर अविश्वास आणला. कल्याणहून तहसीलदार साहेब आले, मीटिंग झाली, सात हात वर गेले. जगनने बाहेर फटाक्यांची माळ लावली. माळ फुटत असतानाच साहेब बाहेर आले आणि बोलले, "एवढी घाई कशाला? ठराव तुमचा झाला. गावाचा बाकी आहे."

"साहेब, तो नियम गेला ना?" जगन बोलला. "सरकार बदललं, थेट सरपंच बंद केला."

खरं होतं ते. मधल्या काळात मुंबईने परत ओळ फिरवलेली, पुन्हा मेंबरांनी सरपंच निवडायचा असं झालेलं. (आमची भानगड झाल्यावर त्याच वर्षी ती ओळ पुन्हा उलटली आणि थेट सरपंच परत आला. हसू नका, टॉवेल तुम्हाला धुवायचा नव्हता.)

साहेब बोलले, "पुढच्यांसाठी गेला. या बाई गावाच्या मतावर आल्यात, गावाच्या मतावरच जातील. खास ग्रामसभा लावतो."

जगनचं तोंड जरासं उतरलं. पण दोन दिवसांत परत फुललं. कारण सांगतो. आमच्या गावात सरकारच्याही आधीची एक पंचायत आहे, गावकी. देवळाची जत्रा, मर्तिक, भांडणतंटा सगळं गावकी बघते. तिच्या बैठकीला घरटी एक माणूस जातो, आणि माणूस म्हणजे पुरुष. बायकांनी तिथे कधी पाय ठेवलेला नाही. गेल्या कित्येक वर्षांत आमच्या ग्रामसभेचंही तसंच झालेलं. कायद्यात काहीही असो, यायचे घरटी एक पुरुष. जगनने काय केलं, घरोघर जाऊन घरच्या कर्त्याला देवळात आणलं, नारळावर हात ठेवायला लावला आणि शब्द घेतला. घरं मोजली. निम्म्याहून जास्त घरं त्याची झाली. आता फक्त वाडीला बोलावणं जाऊ द्यायचं नव्हतं (सुमनने घरी सांगितलं तरी गावाच्या बोलावण्याशिवाय वाडी गावात येत नाही) आणि गावात जास्त बोंब होऊ द्यायची नव्हती. म्हणून दवंडी हळू.

आता कळलं?

तर जगन टेबलावरून उतरला. दारापर्यंत गेला. मग वळून बोलला, "काका, प्राचीची हळद आहे ना वैशाखात?"

प्राची माझी नात. कोपरीच्या मुलाशी ठरलेलं. आमच्या लोकांत लग्नापेक्षा हळद मोठी. हळदीला मांडवात गाव नसला तर ती हळदच नव्हे, ते पोर घरच्या घरी रंगवल्यासारखं.

"आहे ना," मी बोललो.

"मांडव मोठा घालतोयस असं ऐकलं. गाव नाय आला तर बरा दिसेल काय रे एवढा मोठा मांडव? तू एकटाच नाचशील त्यात."

"नाचीन की," मी बोललो. "माझे गुडघे तुझ्यापेक्षा बरे आहेत."

बोललो खरा. पण घरी चालत जाताना ते वाक्य माझ्या पायात येत होतं. माझी नोकरी गेली तर गेली, तिची मला भीती नव्हती, शेवटचीच वर्षं होती. पण पोरीची हळद. आणि इकडे सुमनची खुर्ची. एक थाळी, आणि दोन बायांचं नशीब तिच्यावर.

घरी आमची ही भाकऱ्या थापत होती. हिचं नाव लिहू का विचारलं तर बोलली, लिहा, घाबरते काय. तर ताराबाई. तिला मी सगळं सांगितलं. ती बोलली, "आपल्या घरातनं तुम्ही जाल ना ग्रामसभेला. मग झालं."

"अगं, तुझं नाव नाही का यादीत? तूपण यायचं असतं."

"मला कोण बोलवलंय? आजवर कधी बोलवलं? तुम्ही थाळी वाजवता, ग्रामसभा आहे हो. ग्रामसभा म्हणजे घरटी एक. सगळ्या गावाला माहीत आहे."

इतकी वर्षं मी थाळी वाजवत होतो. मला वाटायचं, मी सगळ्या गावाला बोलावतो. आणि माझ्या स्वतःच्या चुलीपुढे बसलेल्या बाईला ते बोलावणं कधी पोचलंच नव्हतं.

"मग सांगू कसं?" मी विचारलं. "कायदा सांगू? अठरा वर्षांवरील प्रत्येक मतदार, असं?"

"त्याने कोण येतंय?" तिने भाकरी उलटवली. "लग्नात सांगतात तसं सांगा. चूलबंद."

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे लग्नाचं बोलावणं दोन तऱ्हेचं. घरटी एक, म्हणजे तुमच्या घरचा एक माणूस जेवायला. आणि चूलबंद, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायचीच नाही, तान्ह्या पोरापासून खाटेवरच्या म्हातारीपर्यंत सगळी आमच्याकडे. चूलबंद बोलावणं आलं आणि बाई घरात राहिली, असं होत नाही. तो अपमान समजतात.

दुसऱ्या दिवशी मी थाळी चिंचेने घासली. देवळापासून सुरुवात केली, जगनने सांगितलं तसं. पण तिथे थांबलो नाही.

"ऐकाऽ होऽ! शनिवारी शाळेच्या पटांगणात ग्रामसभाऽ! सरपंचाला ठेवायचं की काढायचं, ते गाव ठरवणार, चिठ्ठी टाकूनऽ! घरटी एक नाय होऽ, चूलबंद! यादीत नाव असेल ती आई, सून, सासू, लेक, सगळ्यांना चूलबंद बोलावणंऽ!"

प्रत्येक आळीत. प्रत्येक वळणावर. बायका दारात आल्या. पोरं मागे लागली. एक म्हातारी, डोळ्याने अधू, ओटीवरून बोलली, "कोनाचं लगीन रं?"

"खुर्चीचं, आजी."

"नवरी कोन?"

"ते शनिवारी तुम्हीच ठरवायचं."

"जेवाला काय हाय?"

"जेवायला काही नाही. चिठ्ठी आहे."

"मंग कसलं रं चूलबंद," असं बोलली आणि हसत सुटली. त्या म्हातारीने ही गोष्ट सगळ्या आळीला सांगितली. माझ्या थाळीपेक्षा तिची दवंडी जास्त चालली.

मग वाडीत गेलो. ऊन लागलं, जगन खोटं बोलला नव्हता. वाडीत लोक नुसते बघत राहिले. एक बाप्या बोलला, "चूलबंद आमाला? गावाचं?" मी हो बोललो. त्याने परत विचारलं. मी परत हो बोललो. काय सांगू, त्या वाडीला गावातल्या कुठल्याच घराने चूलबंद बोलावणं कधी दिलं नव्हतं. माझ्या घरानेही नाही.

संध्याकाळी ग्रामसेवक भाऊसाहेब माझ्याकडे आले. तरुण मुलगा, साताऱ्याकडचा, नोकरी नवी. बोलला, "अहो, उपसरपंचांनी तुमची तक्रार दिलीय. दवंडीत चूलबंद वगैरे शब्द नियमात बसतात का?"

"प्रत्येकाला बोलवायचं असतं की नाही?"

"असतं."

"मग बसतात."

त्याने कपाळाचा घाम पुसला. "काका, मी काही ऐकलं नाही," असं बोलून निघून गेला. भला मुलगा.

शुक्रवारी सुमन ऑफिसात आली. हातात घडी केलेला कागद. टेबलावर ठेवला. राजीनामा.

"काका, गावातल्या बायका पण माझ्यावर चिडलेल्या आहेत पाण्यावरनं. तुम्ही त्यांना सगळ्यांना बोलवून ठेवलंत. उद्या भर पटांगणात मला पाडतील. त्यापेक्षा आज जाते. मान तरी राहील."

हे मात्र मी धरलंच नव्हतं. खरं होतं तिचं. ताराबाई स्वतः रोज सकाळी हंडा घेऊन तिच्या नावाने बोटं मोडायची.

"बस," मी बोललो.

बसली, तशीच, कडेवर.

"अशी नाही. पाठ टेकव."

टेकवली. पहिल्यांदाच बहुतेक. लाकूड करकरलं.

"आता ऐक. मी या खुर्चीवरनं किती माणसं उठलेली बघितली, मलाच आठवत नाहीत. कोणी हात वर केले म्हणून उठला, कोणी नवऱ्याने डोळे वटारले म्हणून बसलीच नाही. गावाला विचारून अजून एकही उठलेलं नाही. तू पहिली असशील. उद्या गाव बोलला ऊठ, तर ऊठ. मी स्वतः तुला वाडीपर्यंत सोडायला येईन. पण गाव बोलायच्या आधी उठलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

तिने कागद उचलला, फाडला नाही, नुसता ब्लाउजात खोचला. बोलली, "उद्या संध्याकाळपर्यंत ठेवते."

शनिवारी मी सकाळपासून पटांगणात सतरंज्या घालत होतो. पुरुष आधी आले. गावकीचे पुढारी पुढच्या खुर्च्यांवर. जगन पांढरा शर्ट, गॉगल. घरं मोजून झालेली, त्यामुळे निवांत.

मग बायका आल्या. एकेकट्या नाहीत. आळीआळीने आल्या, हळदीला येतात तशा, चांगल्या साड्या नेसून, गजरे घालून. अधू म्हातारीला दोघींनी धरून आणलेलं. सतरंज्या पुरल्या नाहीत. आणि मग वाडी आली, सगळीच्या सगळी, पोरं कडेवर, आणि जागा कुठे आहे असं विचारत मागे उभी राहिली.

गावकीचा एक पुढारी उठला. "बायांनी घरी जा. घरटी एक आलाय, झालं."

ताराबाई पुढे होती. बोलली, "आमची चूल बंद आहे. घरी जाऊन करू काय?"

असा हशा झाला की पुढाऱ्याला खाली बसावं लागलं. साहेबांनी एवढंच विचारलं, "यादीत नाव आहे ना? मग येऊ द्या."

जगनने गॉगल काढला आणि माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे धरला. घेतला नाही.

रांगा लागल्या. पडद्यामागे जायचं, चिठ्ठीवर खूण करायची, पेटीत टाकायची. उन्हं कलली तरी रांग संपत नव्हती. मी लोकांना पाणी देत होतो. कोण काय टाकतंय कुणालाच माहीत नव्हतं. नारळावर हात ठेवलेले पुरुषही पडद्यामागे एकटेच होते.

ताराबाई बाहेर आली. मी हळूच विचारलं, "काय टाकलंस?"

"गुप्त आहे ना?" ती बोलली.

"अगं, मी नवरा आहे."

"म्हणूनच गुप्त आहे."

आजपर्यंत तिने मला सांगितलेलं नाही. आमच्या घरात यावरून अजून भांडण होतं.

साहेबांनी मोजणी केली, दोनदा केली. मग उभे राहून बोलले, "ठराव फेटाळला." बरेच जण काही कळलं नाही म्हणून एकमेकांकडे बघत राहिले. साहेबांनी साध्या भाषेत सांगितलं, "सरपंच राहतील."

फरक फार मोठा नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो. सगळ्या बायांनी सुमनलाच राखलं असं काही नाही. पाण्यावरून राग होता तो होताच, आणि अशा बऱ्याच चिठ्ठ्या तिच्याविरुद्ध पडल्या. पण त्या त्यांनी स्वतः टाकल्या. सुमन रडली नाही. उठून साहेबांना नमस्कार केला, मग खोचलेला कागद काढून माझ्या हातात दिला, "चुलीत घाला" बोलली, आणि वाडीच्या बायांबरोबर निघाली.

जगन माझ्याजवळ आला. आवाज खाली. "काका, तू भाऊकी बुडवलीस."

"भाऊकी पोहते रे," मी बोललो. "तू घरं मोजलीस. माणसं मोजायला पाहिजे होतीस."

त्याच संध्याकाळी देवळात गावकी बसली. मला बोलावलं नाही. निरोप शेजाऱ्याने आणला, मान खाली घालून. गावकीने ठरवलं होतं, माझ्या घरच्या हळदीला गावातल्या कोणीही जायचं नाही.

भाऊसाहेब बोलले, हा गुन्हा आहे, असं कुणाला वाळीत टाकता येत नाही, पोलिसात जा, मी येतो बरोबर. मला माहीत होतं गुन्हा आहे ते. पण पोलिसाने पकडून आणलेला पाहुणा मांडवात नाचत नाही. प्राची चुलीजवळ बसून ऐकत होती. रडेल असं वाटलं. ती बोलली, "आजोबा, मांडव लहान करू नका." बस, एवढंच.

मी जेवलो आणि झोपलो. चांगली झोप लागली, खोटं कशाला लिहू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी व्हॉल्व सोडले, पहिला वाडीचा. रविवार होता, ऑफिस बंद, म्हणजे सरकारचा माझ्यावर हक्क नव्हता. धुतलेला सदरा घातला. आईची थाळी खिळ्यावरून काढली. आणि घराबाहेर पडून डावीकडे वळलो, जिथे माझ्या भावाचं घर आहे. जगन ओटीवर दात घासत होता. मी त्याच्या दारासमोर उभा राहिलो आणि पहिला ठोका घातला.

"ऐकाऽ होऽ! वैशाखात माझ्या नातीची हळद आहेऽ! गावाला आणि वाडीलाऽ, चूलबंदऽ!"